शिल्लक रोटांचा मानकरी

माणसाच्या शरीरातले बहुतेक अवयव त्याच्या स्वतःच्या मालकीचे असतात. पोट मात्र भाऊबंदकीच्या सामाईक मालकीचं असतं. डोळ्यांनी काय बघावं, पायांनी कुठं जावं, हे माणूस थोडंफार तरी स्वतः ठरवतो. पोटात किती जावं हे वाढणारा ठरवतो. खान्देशात ही व्यवस्था पूर्वापार सुरळीत चालू आहे आणि तिच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार दाखल झालेली नाही (तक्रार करायला तोंड रिकामं लागतं).

जळगावचा प्रेमराज हे या व्यवस्थेचं चालतंबोलतं यश होतं. चालतं म्हणजे जिना सोडून. वय बेचाळीस, धंदा ठिबक सिंचनाच्या नळ्यांची एजन्सी, वजन एकशे एकतीस किलो. धंद्यात तो मध्यम होता, बोलण्यात कच्चा होता, शाळेत काय होता ते विचारू नये. पण नरडाण्याजवळच्या त्याच्या मूळ गावी त्याला एक मान होता, आणि तो मान दुसऱ्या कुणाला मिळणं शक्य नव्हतं. तो मान समजून घेण्यासाठी रोट समजून घ्यावे लागतात.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्यासाठी रोट करतात. गव्हाच्या पिठाचे जाडजूड, गोड, तुपानं माखलेले. प्रेमराजच्या घराण्यात पिठाचं माप ठरलेलं आहे: माणसामागे सव्वा शेर. भाऊबंदकीत माणसं अकरा. त्याप्रमाणे पीठ मोजलं जातं, मळलं जातं, रोट होतात आणि मग नियम लागू होतात. रोट बाहेरच्याला देता येत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही देता येत नाहीत (तिचं कूळ बदललं, जीभ तीच राहिली, पण जिभेला कूळ नसतं). फेकता येत नाहीत, गुरांना घालता येत नाहीत. आणि पौर्णिमा उजाडायच्या आत टोपली रिकामी झाली पाहिजे. न झाल्यास काय होतं हे कुणाला ठाऊक नाही, कारण तशी वेळच कधी आली नाही. ती येऊ दिली नाही प्रेमराजनं.

तो सोळा वर्षांचा असताना एका श्रावणात, पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, टोपलीत आठ रोट उरले होते. पंगत उठलेली, सगळे भिंतीला टेकून ढेकर देत बसलेले. प्रेमराज एकटा पुढं सरकला आणि त्यानं आठही रोट संपवले. भाऊबंदकीतले वडीलधारे चिंधा आबा उठले आणि त्यांनी भर ओसरीत त्याला टॉवेल-टोपी दिली. लग्नात नवरदेवाला मिळते तशी. त्या दिवसापासून दरवर्षी तीच संध्याकाळ, तीच टोपली, तोच प्रेमराज, टाळ्या आणि टॉवेल-टोपी. जळगावच्या घरी एका कपाटात फक्त टॉवेल आहेत. पाहुण्यांना हात पुसायलासुद्धा त्यातला दिला जात नाही.

हा मान पेलता पेलता त्याचे गुडघे गेले. मग साखर आली. मग झोपेत श्वास अडकू लागला. तो इतक्या मोठ्यानं घोरायचा आणि मध्येच इतका गप्प व्हायचा की त्याची बायको पुनम त्या गप्प होण्यानं जागी व्हायची. पुनम जळगावात शाळेवर शिकवते. तिनं एक उपाय सांगितला: एकदा वाढून घ्यायचं, आणि दुसऱ्यांदा कुणी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरून "नको" म्हणायचं.

हा उपाय बिनखर्चाचा होता, पण अव्यवहार्य होता. आपल्याकडे "नको" म्हटलं की आग्रह पुरेसा झाला नाही असं समजतात. आणि ताटावर हात आडवा धरला तर वाढपी थांबत नाही, हातावर वाढतो. प्रेमराजच्या उजव्या पंजाच्या मागच्या बाजूला दोन डाग आहेत; एक साखरपुड्यातल्या वरणाचा, दुसरा वास्तुशांतीतल्या शेवभाजीचा. त्यानं ते दोन्ही पुनमला दाखवले. पुरावा पाहून पुनमनं उपाय मागे घेतला. "नको" म्हणणं अशक्य ठरल्यावर उरलेला सोपा मार्ग म्हणजे पोट कापून घेणं, हे ओघानंच आलं.

लघुकाया स्थूलता निवारण केंद्राच्या स्वागतकक्षातल्या खुर्च्या रुंद होत्या. अख्ख्या जळगावात प्रेमराजला दोन्ही बाजूंना न घासता बसवून घेणारी ही पहिलीच खुर्ची. निम्मा निर्णय त्या खुर्चीनंच केला. उरलेला निम्मा करण्यासाठी दिपमाला मॅडम होत्या. त्या केंद्राच्या समुपदेशक. वजनानं प्रेमराजच्या एका पायाएवढ्या. शोरूममध्ये गाड्या दाखवतात तसे त्यांनी पर्याय दाखवले.

पहिला पर्याय फुगा. तोंडावाटे पोटात सोडायचा, पाण्यानं भरायचा आणि काही महिन्यांनी काढून घ्यायचा. म्हणजे पोटात भाडेकरू ठेवायचा. तो निघून गेला की खोली पुन्हा मोकळी. प्रेमराजला भाडेकरूंचा अनुभव होता. त्यानं पान उलटलं.

दुसरा पर्याय स्लीव्ह. यात पोटाचा मोठा हिस्सा उभा कापून बाहेर काढतात आणि केळ्याएवढं पोट शिल्लक ठेवतात. केळं म्हटल्यावर प्रेमराजनं तिथूनच रावेरला साडूला फोन लावला. साडू भटू हा केळीचा व्यापारी.

"केळं कोणतं?" भटूनं विचारलं. "लोकल का एक्सपोर्टचं?"

प्रेमराजनं केंद्राच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, मध्यम.

"मध्यम म्हणजे काहीच नाही," भटू म्हणाला. "इंचात लिहून घ्या. आमच्या धंद्यात माल तोडल्यावर माप बदलतं."

तिसरा पर्याय बायपास. पोटाचा लिंबाएवढा कप्पा वेगळा करायचा आणि पुढचं आतडं वर ओढून त्याला जोडायचं, मधला भाग वगळून. हे प्रेमराजला न सांगता समजलं. मेन लाईनवर टी मारून वरचा पट्टा सोडून द्यायचा आणि पाणी थेट खालच्या वावरात न्यायचं, एवढंच ते होतं. त्यामुळे शेतकरी त्याला जो प्रश्न अठरा वर्षं विचारत आले होते तोच त्यानं डॉक्टरांना विचारला.

"साहेब, जॉइंट गळतो का?"

"क्वचित. शंभरात एखादा."

प्रेमराजचा चेहरा उतरला. शंभरात एखादा हे उत्तर अठरा वर्षं तो स्वतः देत होता, आणि तो आकडा कसा काढतात हे त्याला ठाऊक होतं.

"स्लीव्हला जॉइंट असतो का?"

"जॉइंट नाही. लांब शिवण असते. तीही गळू शकते."

पण प्रेमराजनं पहिलं वाक्यच ऐकलं. नळीवाल्या माणसाचा भरवसा शिवणीवर बसतो, जॉइंटवर बसत नाही. डॉक्टरांनी हेही सांगितलं की साखर असलेल्याला बायपासचा फायदा कधी कधी जास्त होतो, स्लीव्हनंतर काहींची जळजळ वाढते, गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, गोड खाल्लं तर घाम फुटून धडधड होऊ शकते, आणि शस्त्रक्रिया ही सुरुवात आहे, शेवट नाही. डॉक्टर प्रामाणिक होते, ही या कथेतली मोठी अडचण आहे. दोष द्यायला जवळपास दुसरं कुणी सापडत नाही.

"आणि पंगतीत आग्रह झाला तर?" सोबत आलेल्या पुनमनं विचारलं.

"नाही म्हणायचं," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, ते जमलं असतं तर इथं कशाला आलो असतो?" प्रेमराज म्हणाला.

यावर केंद्राकडे शस्त्रक्रिया नव्हती.

भरताचा हंगाम चालू होता. शस्त्रक्रियेआधी पातळ आहार सुरू करायचा होता, म्हणून त्याच्याही आधी प्रेमराजनं पोटाला रीतसर निरोप दिला. मळ्यातलं भरीत झालं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली, शेवभाजी झाली, आणि एक कार्यक्रम त्यातला एक पाहुणा आला नव्हता म्हणून पुन्हा झाला. निरोप इतका जोरदार होता की केंद्रात दाखल होताना काट्यावर एकशे चौतीस भरले. दिपमाला मॅडमनी कसलीही भावना न दाखवता तो आकडा लिहून घेतला.

गावाला सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत. पोट कापलेला माणूस रोट संपवू शकत नाही हे त्याला कळत होतं. पण श्रावण अजून लांब होता, आणि लांबची गोष्ट होऊन जाईपर्यंत खरी नसते असा त्याचा अनुभव होता.

स्लीव्ह झाली. फायदे झाले हे कबूल केलंच पाहिजे. उपरोध लिहिताना ते फार गैरसोयीचं ठरतं. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. गुडघे बोलायचे थांबले. रात्री श्वास अडकेना, आणि पुनम लग्नानंतर पहिल्यांदा सलग झोपली. त्यानं एक जिना चढला. वर काही काम नव्हतं, नुसता चढला. बाकीचं केंद्रानं सांगितलं होतं तसंच झालं. चमच्यानं वरणाचं पाणी. जेवताना पाणी नाही, पाणी पिताना जेवण नाही. खडू कालवल्यासारखी लागणारी प्रथिनांची भुकटी. केस कंगव्यात राहू लागले. चरबी गेली, पण कातडी जुन्याच मापाची राहिली. तिला कुणी कळवलं नव्हतं. सदरा काढून आरशासमोर उभा राहिला की प्रेमराजला वाटायचं, आपण मोठ्या भावाचे कपडे घातलेत.

एकशे एकतीस किलोंवर लोक सल्ला द्यायचे. आता निदान करू लागले. जळगाव ते नरडाणा या पट्ट्यात झालेल्या पाहणीनुसार (ती प्रेमराजनं केली नाही, त्याच्यावर झाली) शंभरातल्या चाळीस जणांनी साखर वाढली असं ठरवलं, तिसांनी धंदा बुडाला असं ठरवलं, वीस जण काही न बोलता पुनमकडे दयेनं बघत राहिले, आणि दहा जणांनी तो रोग कोणता ते कानात सांगितलं. गिऱ्हाइकंही बिचकली. एक शेतकरी नळीचं बंडल हातात घेऊन म्हणाला, "शेठ, तुम्हीच आटले. पाणी पोचेल ना शेवटच्या झाडाला?" शेवटी मात्र शंभरच्या शंभर जणांनी एकच विचारलं, "कितलं वजन उतरनं रे भो?" दुखतं का, हे एकानंही विचारलं नाही.

लांबचा श्रावण अखेर आला.

कानबाई बसली, नाचली, विसर्जन झालं. रोट टोपलीत राहिले. पंगतीला प्रेमराज चुलतभाऊ नवलच्या शेजारी बसायचा. रोट दुधात कुस्करायचा, कुस्करतच राहायचा, आणि नवलचं ताट रिकामं झालं की आपला काला हळूच तिकडं सारायचा. नवलला वाटलं, भाऊचा जीव आहे आपल्यावर. पौर्णिमेपर्यंत नवलच्या पँटचं बटण लागेना. पण नवलला मर्यादा होती, पिठाला नव्हती. आदल्या संध्याकाळी माणसांची पंगत उठली तेव्हा टोपलीत नऊ रोट होते. सगळे भिंतीला टेकले. आबांनी मांडीवरचा नवा टॉवेल सारखा केला.

"चाल प्रेमराज," आबा म्हणाले. "टोपली तुन्ही वाट दखी ऱ्हायनी."

प्रेमराजनं आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

"आबा, नको."

ओसरी हसली.

"नको म्हने!" नवल म्हणाला. "आते जळगावना नखरा शिकना भाऊ."

"खरंच नको. माले जमाव नही."

"आखो एक डाव म्हन," आबा म्हणाले, "मंग वाढतस." आणि स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात रोट ठेवून त्यावर तूप सोडलं.

लाखो रुपये, पोटाचे चारांतले तीन हिस्से आणि डोक्यावरचे निम्मे केस देऊन प्रेमराजनं जी गोष्ट टाळली होती ती त्यानं नुकतीच फुकटात करून पाहिली होती, आणि ती कुणाला ऐकूच गेली नव्हती. समोर सगळी भाऊबंदकी बसलेली. टॉवेल घडी घालून तयार. सव्वीस वर्षांचा मान. त्यानं घास घेतला. मग दुसरा. अर्धा रोट होईपर्यंत तो चावत होता, आणि माणसं टाळ्यांसाठी हात जवळ आणत होती. मग त्याचे कान गरम झाले, छातीत इंजिन सुरू झालं, सदरा भिजला आणि तो उठता उठता मोरीच्या तोंडाशी कोसळला. पोटात गेलं होतं ते सगळं, मानासकट, बाहेर आलं.

पुनम स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं त्याचं तोंड धुतलं, आणि मग सगळ्यांसमोर त्याचा सदरा वर केला. पोटावर पाच बारीक व्रण होते.

"खडे नव्हते," ती म्हणाली. "पोट कापलंय यांचं. मी स्वतः सही केली आहे."

"कितलं कापं?" आबांनी विचारलं.

"चार हिश्शांतले तीन."

भाऊबंदकीतल्या वडीलधाऱ्यानं अशा वेळी जो प्रश्न विचारायचा असतो तो आबांनी विचारला.

"कापेल तुकडा कथा शे?"

"दवाखान्यानं पिवळ्या पिशवीत टाकला."

घराण्याचं पोट परक्याच्या पिशवीत गेलं होतं. ज्या पोटात सव्वीस वर्षं फक्त कुळातल्या माणसानं खायचे रोट गेले, ते पोट कुणाच्या हाती लागलं, कोणत्या जातीच्या ड्रायव्हरनं नेलं, कोणत्या भट्टीत जळलं, याचा पत्ता नव्हता. बैठक घेणं भाग होतं. माणसं बाहेर ओट्यावर गेली. प्रेमराजला उचलून आतल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या बाजेवर टाकलं. तिथून त्याला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

ओट्यावर मुद्दा निघाला की प्रेमराज आता माणूस किती. नवल म्हणाला, "मानूस तोच शे ना? मंग पुरा धरा." आबा म्हणाले, मानूस पोटवर मोजतस, म्हणूनच माणसामागे पीठ असतं. पोट चतकोर, तर माणूस चतकोर. ठराव झाला. पंगतीत प्रेमराजनं शेवटी, पोरांच्या आधी बसायचं. बैठकीत त्याचं मत चतकोर धरायचं. त्याच्यासारखे आणखी तिघे मिळाले तर एक मत पूर्ण होईल. टॉवेल-टोपी तूर्त आबांकडे जमा राहील.

"मग पीठही चतकोर करा," पुनम दारातून म्हणाली. "यांच्या नावाचा सव्वा शेर कशाला मळायचा?"

ओट्यावर कुणी रागावलं नाही. आबांनी लहान मुलाला सांगावं तसं समजावलं.

"सूनबाई, पीठ कमी करता येस का? रीत शे ती."

बाजेवर पडल्या पडल्या प्रेमराजला हे पटलं. पीठ देवीचं होतं. पोट काय, नुसतं माणसाचं.

बाहेर पुढचा मुद्दा निघाला, टोपलीतल्या रोटांचं काय करायचं. त्यावर आवाज चढले. इकडं स्वयंपाकघरात प्रेमराजची आई झुंबरबाई उठली, ओसरीवर गेली आणि टोपली उचलून आत घेऊन आली. कुणी पाहिलं नाही. तिच्याकडे बघण्याचं कुणाला कारण नव्हतं. तिनं टोपली चुलीजवळ ठेवली. घरातल्या सगळ्या बाया गोल बसल्या आणि रोट मोडू लागल्या.

आबांची बायको धुरपदाबाई घास तोंडात घोळवत डोळे मिटून बसली होती.

"गूळ जास्ती व्हयना का?" तिनं विचारलं.

"तुले कसं समजी?" झुंबरबाई म्हणाली. "तू सव्वीस वरीसमा कधी खादा?"

बाया हसू लागल्या. पदर तोंडाशी धरून, आवाज ओट्यावर जाणार नाही एवढ्या बेतानं. धुरपदाबाई म्हणाली, "चाळीस वरीस मळस मी, पन चव भुलाई गयथी. आज समजनं, गूळ जास्तीच पडस."

प्रेमराज बाजेवर कोपरावर उठून बसला.

"माय, तुम्ही अजून जेवन्यात नही?"

"मानसं उठानी पहिले बाया जेवतस का? बायास्ले रोट शेवटला दिनलेच भेटतस."

"मंग दरसाल या दिनले?"

"दरसाल तू संपाडी टाकस."

"मंग तुम्ही काय खातस?"

"खीर ऱ्हास. सकायनी भाकर ऱ्हास." झुंबरबाईनं रोटाचा तुकडा खिरीत बुडवला. "ते उरेल नव्हतं रे पोऱ्या. ते आमनं व्हतं."

प्रेमराजनं बाजेवरून पाय खाली सोडले.

"मंग सांगं कसं नही?"

"आबा तुले टॉवेल-टोपी देतस, बठ्ठा टाळ्या वाजाडतस," झुंबरबाई म्हणाली. "तेव्हढं एकच तर तुले जमे. कशी सांगू?"

पुनम जेवत होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरातले रोट लाटले होते, भाजले होते, तुपानं माखले होते. खाताना प्रेमराजनं तिला पहिल्यांदाच पाहिलं. तिनं दुसरा रोट घेतला. कुणी आग्रह केला नव्हता.

बैठक संपवून माणसं आत आली तेव्हा टोपली रिकामी होती. तळाला चुराही नव्हता.

"कोनी खादात?" आबांनी विचारलं.

प्रश्न माणसांना विचारलेला होता. बाया भांडी घासत राहिल्या. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे ओट्यावर होते, याला सगळेच साक्षीदार होते. प्रेमराज आत होता, पण त्याचं पोट पिवळ्या पिशवीत होतं. दुसरं स्पष्टीकरण उरलं नाही. आबांनी हात जोडले.

"माय खाई गयी," ते म्हणाले. "कानबाई माय सोता खाई गयी."

दहाच्या दहा डोकी वाकली. मग सगळे प्रेमराजकडे वळले, कारण तो आत होता. त्यानं काहीतरी पाहिलं असेल. त्यानं तोंड उघडलं. एक वाक्य सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर कपाटातले सगळे टॉवेल चोरीचा माल ठरले असते. त्याच्याकडे आता चतकोर मान उरला होता. तोही घालवायची त्याची तयारी नव्हती.

"प्रकाश दिसना, डोळा दिपी गयात," प्रेमराज म्हणाला.

पुनमनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि परात घासायला घेतली.

पुढचं सगळं तर्काला धरून घडलं. इतकी वर्षं देवी स्वतः जेवली नव्हती. ज्या वर्षी घराण्यात एक पोट कापलं गेलं त्याच वर्षी जेवली. अर्थ उघड होता. दिवाळीनंतर नवलनं स्लीव्ह करून घेतली. त्याच्या मागोमाग आणखी तिघांनी. केंद्रानं भाऊबंद सवलत सुरू केली आणि दिपमाला मॅडमनी केंद्रातल्या भिंतीवर कानबाईचा फोटो लावला. भाऊबंदकीची अधिकृत बेरीज आता सव्वासात माणसं आहे. पीठ अकरा माणसांचंच मळलं जातं. रोट पूर्वीपेक्षा जास्त उरतात आणि माय पूर्वीपेक्षा जास्त खाते. आजूबाजूच्या गावांत तिचा लौकिक झाला आहे. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी माणसं आपण होऊन ओट्यावर जातात, दार ओढून घेतात, आणि आतून हसण्याचा आवाज आला की हात जोडतात.

एक अडचण मात्र अलीकडे आबांच्या लक्षात आली. घरातल्या बाया जरा अंगानं सुटल्यासारख्या दिसू लागल्या. काम तर तेवढंच आहे, खाणं तर उरलंसुरलंच, मग हे कशानं, यावर बैठक झाली. केंद्राला कळवलं. केंद्रानं नरडाण्याला खास महिलांसाठी मोफत तपासणी शिबिर ठेवलं. यादीत पहिलं नाव पुनमचं होतं. ते प्रेमराजनं घातलं. त्याला तिची काळजी वाटते. त्यानं तिला तिन्ही पर्याय नीट समजावून सांगितले आणि जॉइंटपेक्षा शिवण बरी असा स्वतःचा अनुभवही सांगितला.

"आधी पीठ कापा," पुनम म्हणाली. "मग बघू."

हा पर्याय कोणत्याही केंद्राच्या यादीत नसल्यामुळे विषय तिथंच थांबला आहे.

आता वाचकांपुरतं. प्रेमराजचं वजन सध्या किती, हा प्रश्न आपल्याला वाचता वाचता दोन-तीनदा तरी पडला असेल. तो आकडा मुद्दामच दिलेला नाही, आणि न मिळाल्यानं आपण थोडे नाराज असाल. दुसरा एक आकडा मात्र अगदी सुरुवातीला दिला होता: भाऊबंदकीत माणसं अकरा. तो आपण वाचलात, मान डोलावलीत आणि पुढं गेलात. त्या घरात रोट मळणाऱ्या किती जणी आहेत, हे पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत कुठंही लिहिलेलं नाही. आपण विचारलं नाही.

आपल्यासाठीही टॉवेल-टोपी तयार आहे. डोक्याचं माप तेवढं कळवावं.